आधी त्याचं मांड

देवला भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तांड्यात ते सगळ्यांना माहीत होतं आणि देवलालाही माहीत होतं. तसा तो रानडुकराला भीत नसे, सापाला भीत नसे, पुरात बैलाची शेपटी धरून नाला पार करायचीही त्याची तयारी असे. भीती वाटायची ती माणसांची. चारजण बसलेले असले, त्यांत एखादा पागोटेवाला असला आणि त्यानं नुसतं ‘काय रे’ म्हटलं, की देवलाच्या तोंडचं पाणी पळालंच म्हणून समजा.

आणि बाप कोण, तर सेवादास. नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, सेवादास बोलायला उठला की पोरंसोरंसुद्धा खेळ सोडून येऊन बसत. पार केनवडकडचे तांडे त्याला न्यायला माणूस धाडत. आता त्याचे गुडघे गेले होते, दिवसभर बाजेवर पडून असे, पण जीभ शाबूत होती. अशा बापाच्या पोटी हे असलं मुखदुर्बळ पोरगं आलं याचं तांड्याला नवल वाटे. सेवादासाला वाईट वाटे, पण तो बोलून दाखवत नसे. तेवढीच त्याची मेहेरबानी.

मार्गशीर्ष लागला होता. वावरात ज्वारी वाळून खडखडत होती. देवलाची बायको रुपाबाई माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती आणि देवला खाली दगडावर विळा घासत होता. एवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, दौलतराव आला. बरोबर दोन गडी.

“देवल्या, इळा कायले घासून राह्यला?”

देवला उठून उभा राहिला. “सोंगनी धरतो ना मालक, दोन-चार दिसात.”

“धरू नको. या वावरात हात लावशीन त चोरीत जाशीन. तू माह्या घरचा सालदार. मालकाच्या हुकमाबिगर सालदारानं कनूस तोडलं त त्याले चोरीच म्हनतात.”

देवलाला आधी काही उमजलंच नाही. “मालक, बटईचं वावर हाय ना? अर्धं तुमचं, अर्धं माह्यं. माह्या बापापासून...”

“बटईचा कागद दाखव.”

कागद कुठून येणार? बटई ही तोंडी गोष्ट. देवलाचा हात, देवलाचे बैल, देवलाचं बी, जमीन दौलतरावाची, आणि खळ्यावर रास झाली की दोन सारखे ढीग. इतकी वर्षं असंच चाललं होतं. पण यंदा नवा कायदा आला होता, की जो बटईनं वावर वाहतो त्याला मालकानं वाटेल तेव्हा उठवायचं नाही. कायदा आला तशी दौलतरावाची झोप उडाली. त्यावर त्यानं हा तोडगा काढला होता. देवला बटईदारच नाही. सालदार आहे. सालाचा नोकर. त्याला केव्हाही घालवता येतं.

“आन गेल्या साली तू मले अर्धं पुरं घातलं नाई, माप मारलं, ते बी मी इसरलो नाई,” दौलतराव जाता जाता म्हणाला. “सायबाच्या कानावर तेबी घालनार हाओ. तांड्यातल्या मानसाले चोर म्हनाले काई लय साक्षीपुरावा लागत नाई.”

तो गेला. देवला विळ्याचं पातंच मुठीत धरून उभा होता. रुपाबाई माळ्यावरून उतरली आणि तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, नाहीतर बोट कापलं असतं.

“घरी चला,” ती म्हणाली. “बाले सांगा.”

सेवादासानं सगळं ऐकून घेतलं. तो घाबरला नाही. उलट त्याच्या तोंडावर जरा तरतरीच आली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला बोलायला काम दिलं होतं.

“अर्ज द्या लागते,” तो म्हणाला. “जगदेवले बलाव.”

जगदेव हा गावातला शिंपी. चार बुकं शिकला होता, म्हणून लोकांची पत्रं वाची, लिही. तो आला तो इकडंतिकडं बघतच आला. दौलतरावाच्या घरचे सदरे तोच शिवत होता. “काका, तुमी सांगा, मी लेहतो,” बसायच्या आधीच तो म्हणाला. “पर माह्या पदरचं कमी नाई, जास्त नाई. उद्या काई झालं त जगदेवचं नाव कोठी निंगालं नाई पायजे.”

“ल्याह,” सेवादास म्हणाला. “मी दौलतराव.”

“कोन दौलतराव?”

“अरे लेका, नसाबीत असंच राह्यते. आधी समोरच्याचं मांडाचं. त्याच्या तोंडानं मांडाचं, आन इतकं बराबर मांडाचं का त्यानं सोता मान हालवली पायजे. हाव, हेच माह्यं म्हननं हाय, असं तो म्हनला, का मंग आपलं बोलाचं. ज्याले दुसऱ्याचं मांडता येत नाई त्याले सोताचं सांगाचा हक नाई.”

जगदेव पेचात पडला. अर्ज देवलाचा आणि त्यात ‘मी दौलतराव’ लिहायचं कसं? पण सेवादासाला विचारायची त्याची छाती झाली नाही. त्यानं आपल्या अकलेनं ते सरळ केलं. देवला हा दौलतरावांच्या घरचा सालदार आहे. बैल दौलतरावांचे आहेत, बी दौलतरावांचं आहे. गेल्या साली देवलानं दौलतरावांना अर्धा वाटा पुरता घातला नाही, माप मारलं. म्हणून देवला चोर आहे. असं करत पान भरलं. सेवादास डोळे मिटून सांगत होता, आवाजसुद्धा दौलतरावासारखा काढत होता, आणि दाराशी बसलेली रुपाबाई तोंडाला ओढणी लावून ऐकत होती. तिला कसंतरीच वाटत होतं, पण सासऱ्यासमोर ती बोलत नसे.

पान उलटलं. मग सेवादासानं आपलं मांडलं, आणि काय मांडलं म्हणता. तांड्याचा नायक भाऊसिंग येऊन बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. देवलानं खाली अंगठा उठवला आणि दुसऱ्या दिवशी वाशीमला जाऊन अर्ज देऊन आला. येताना त्याला जरा बरं वाटत होतं. बापानं एवढं सांगितलं म्हणजे आता काही होत नाही, असं त्याला वाटलं. बिचारा.

आठ दिवस गेले असतील. ज्वारी तशीच उभी होती. पाखरं खात होती, आणि देवला व रुपाबाई पाळीपाळीनं हाकत होते. कणसं हातात धरून बघायची आणि सोडून द्यायची. देवलाचा फाळ बोथट झाला होता, तो शेवटवून, म्हणजे टोक धारदार करून आणायला देवला गावात लोहाराकडं निघाला. वाटेत दौलतरावाचा ओटा. ओट्यावर पाच-सात माणसं बसली होती, आणि दौलतरावाच्या हातात एक कागद होता. अर्जाची नक्कल रीतीप्रमाणं त्याच्याकडं आली होती.

“ये रे देवल्या, ये,” दौलतराव हसून म्हणाला. “तुयीच गोष्ट चालू हाय.”

देवला गेला. जायला नको होतं, पण पाय आपोआप गेले.

दौलतरावानं वाचलं, सावकाश. देवला हा दौलतरावांच्या घरचा सालदार आहे. बैल दौलतरावांचे आहेत. म्हणून देवला चोर आहे. एकेका वाक्यावर लोक हसत होते. कुणीतरी म्हणालं, असा सोन्यासारखा मानूस, यानं त मालकाचं कामच हलकं करून देलं. मागचं पान दौलतरावानं वाचलंच नाही. कागद घडी करून खिशात घातला.

“हा आंगठा तुयाच ना?”

“हाव मालक, पर ते आमच्या नसाबीत...”

“कचेरीत नसाब नाई चालत. लेहून देलं ते देलं. आता सालदार हायस त गोठा झाडून टाक. सकाळपासून तसाच पडला हाय.”

देवला उभा राहिला. ओट्यावरचे सगळे त्याच्याकडं बघत होते. त्याच्या कानात नुसतं घूं घूं होत होतं, मान वर होईना. नाही म्हणायचं होतं. एवढा एक शब्द, पण तो निघाला नाही. त्यानं फाळ भिंतीला टेकवून ठेवला, खराटा उचलला आणि गोठा झाडला. शेण पाटीत भरून उकिरड्यावर टाकून आला. लोक पाहत होते. दौलतराव पान लावत होता.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा सेवादास भिंतीकडं तोंड करून पडला. म्हाताऱ्याच्या जन्मात असं झालं नव्हतं. त्याच्याच बोलण्यानं त्याचाच लेक तोंडघशी पडला होता. 

रुपाबाईनं रागारागानं भाकरी थापल्या. देवला जेवायला बसला तेव्हा त्याच्या हाताला शेणाचा वास येत होता. ती म्हणाली, “कायले झाडला?”

“त्यानं सांगतलं.”

“आन उद्या सांगतलं का वावर सोड, त सोडसान?”

देवलानं भाकरी मोडली. खरं म्हणजे त्याला तीच भीती होती. दौलतरावाची होती त्याहून जास्त, सोड म्हटल्यावर आपण खरंच सोडू याची होती. वावर गेलं तर तांड्यात राहून करायचं काय? कुणाच्या तरी दारात सालानं राहायचं, बायकोनं लोकांची शेणं काढायची. दौलतराव खोटं बोलत होता ते खरं व्हायला फार वेळ लागणार नव्हता.

रिसोडच्या बाजाराच्या दिवशी रुपाबाईनं त्याला धरूनच नेलं. बाजाराच्या कडेला लिंबाखाली रामधन नावाचा म्हातारा बसत असे. पुढ्यात पेटी, पेटीवर दौत, चष्म्याच्या एका बाजूला काडीऐवजी सुतळी. अर्ज लिहिण्यात त्याची हयात गेली होती. देवलानं अडखळत हकीकत सांगितली. रामधननं सुतळी कानामागून काढली आणि चष्मा पुसला.

“पयले सगळं त्याचं लेहलं?”

“हाव. आमच्याकडची रीतच हाय तशी.”

“रीत वाईट नाई,” रामधन म्हणाला. “पर नसाबीत तुया बाप उभा राह्यते. लोक त्याच्या तोंडाकडे पाह्यतात, त्याच्या आवाजावरून त्यायले समजते का आता हे याचं नोहे, त्याचं चालू हाय. कागदाले तोंड नाई ना बाबा. सायबानं वरच्या चार वळी वाचल्या, का त्याले वाटते हेच याचं म्हननं.”

“मंग आता?”

“देलेला कागद वापस येत नाई. आता सायेब दौऱ्यावर येतीन तवा तोंडी सांग. बस खाली, असा उभा नको राहू. काय सांगशीन ते सांग.”

देवलानं बापापासून सुरुवात केली, बापानं जमीन कशी फोडली, तेव्हा पळसाचं रान कसं होतं. रामधननं हात वर केला.

“तुले काय पायजे?”

“आं?”

“सायबापाशी कायले आला तू? ते एका दमात सांग. पयले तेच.”

“वावरातून उठवू नका.”

“हं. काहून?”

“मी सालदार नोहे, बटईदार हाओ म्हनून.”

“हे झालं कारन. आता कशावरून? सगळे इथीच फसतात पाय. काहून ते कोनी बी सांगते. कशावरून, हे ज्याले सांगता येते त्याचं खरं धरतात.”

“बैल माह्ये हायेत. तांड्यातल्या कोनाले बी इचारा.”

“तांडा तुयाच बाजूनं बोलनार. गावातला कोन येईन?”

देवला आणि रुपाबाई एकमेकांकडं बघायला लागले. गावातला कोण येणार? जगदेव तर त्या दिवसापासून तांड्याकडं फिरकलाच नव्हता.

“बरं, पाहू पुढे,” रामधन म्हणाला. “आता दौलतरावाचं म्हननं घे. ते सोडाचं नाई, नाईतर सायबाले वाटन का याले त्याचं उत्तर येत नाई. पर ते सांगतलं का तथीच थांबाचं नाई. त्याच्यात फट कोठी हाय ते दाखवाचं. दुसऱ्याचं म्हननं मांडाचं ते फट दाखवाले मांडाचं. तुया बाप बी तेच करत असन नसाबीत. लेहताना ते दुसऱ्या पानावर राह्यलं, एवढंच.”

“आन फट नसन त?” रुपाबाईनं विचारलं.

रामधननं तिच्याकडं बघितलं. “खोटं असन त फट राह्यते बाई. सापडते का नाई, ते ज्याच्या त्याच्यावर हाय. आन शेवटी पुन्हा मागनं. आलं ध्यानात?”

ध्यानात आलं होतं. रिसोडहून येताना रस्ताभर रुपाबाई त्याच्याकडून वदवून घेत होती. काय पायजे. काहून. कशावरून. तो काय म्हनते. फट. बैलगाडी आली की देवला गप्प होई, गाडी पुढं गेली की पुन्हा म्हणे. पण फटीपाशी आला की अडे. दौलतरावाच्या बोलण्यात त्याला फट दिसेना. त्याला सगळीकडं दौलतरावच दिसे.

साहेबाचा मुक्काम गावात पडला त्या दिवशी देवलाला पहाटेपासून ढाळ लागले होते. रुपाबाईनं ताक दिलं, तेही राहिलं नाही. चावडीपुढं मांडव घातला होता. साहेब खुर्चीवर, शेजारी कारकून, समोर गाव बसलेलं. तांड्याची माणसं मागं उन्हात उभी होती. सेवादासाला उचलून आणायला भाऊसिंग तयार होता, पण म्हातारा नाही म्हणाला. माह्यं तोंड नको तथी, एवढंच बोलला.

दौलतराव चांगलं बोलला. देवला सालदार, बैल आपले, बी आपलं, अर्ध्याला मापात मारणारा चोर माणूस, हे सगळं त्यानं हात जोडून, मऊ आवाजात सांगितलं. “आन साहेब, परवाच त्यानं माझा गोठा झाडला. पाच-सात लोकांनी पाहिलं. बटईदार मालकाचा गोठा झाडतो काय? आणि त्याच्या अर्जात त्यानं स्वतःच सगळं कबूल केलंय.”

साहेबानं अर्जाचं पहिलं पान वाचलं, मग उलटून दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. “देवला वल्द सेवादास. हे तुमचंच म्हणणं आहे ना? मग दुसऱ्या पानावर भलतंच काय? तुम्हाला नक्की म्हणायचंय तरी काय?”

देवला पुढं झाला. काय पायजे. काहून. कशावरून. एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबाचे बूट दिसले, कारकुनाची लेखणी थांबलेली दिसली, गाव दिसलं, आणि त्याच्या डोक्यातून रामधन पुसून गेला. तोंड उघडलं तर आवाज नाही. मागं कुणीतरी खुदकन हसलं. कारकून म्हणाला, “बोला लवकर.” आणि मग जन्मभर नसाबीच्या कडेला बसून जे कानांवर पडलं होतं, ते त्याच्या तोंडातून निघालं.

“मी दौलतराव,” देवला म्हणाला.

चावडीपुढं हसण्याचा फवारा उडाला. साहेबानं हात वर केला. रुपाबाईनं मागं डोळे मिटून घेतले, आता वावर गेलं म्हणून.

“मी दौलतराव. देवला माह्या घरचा सालदार हाय. बैल माह्ये, बी माह्यं. त्याचा बाप माह्या बापाच्या दारात होता, देवला लहानपनी माह्याच घरची भाकर खाऊन वाढला.” हे दौलतराव बोललाच नव्हता, पण ते खरं होतं, आणि समोरच्याचं मांडताना खरं असेल ते सोडायचं नसतं. “परवा त्यानं माह्या गोठा झाडला. नाई बी म्हनला नाई. सालदारच नसता त झाडला कायले असता? आन गेल्या साली त्यानं मले माह्यं अर्धं पुरं घातलं नाई. माप मारलं. असा चोर मानूस मले वावरात नको.”

तो थांबला. काही सुटलं नव्हतं. मग रीतीप्रमाणं तो दौलतरावाकडं वळला आणि खालमानेनं म्हणाला, “बराबर मांडलं का, मालक?”

दौलतरावाच्या चेहऱ्यावर हसू मावेना. “अक्षर न् अक्षर बरोबर. साहेब, हे लिहून घ्या.”

“घ्या लिहून,” साहेब म्हणाला, आणि कारकुनानं लिहिलं.

आता आपलं मांडायची पाळी. आणि आपलं काहीच नव्हतं.  बैल माझे म्हणावं तर साक्षीला कोण? गोठा तर झाडलाच होता. रामधन म्हणाला होता फट शोध, म्हणून त्यानं दौलतरावाचं म्हणणं मनात पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून. सालदार. बैल. भाकर. गोठा. अर्धं. तिथं तो अडखळला. पुन्हा म्हटलं. अर्धं. इतके दिवस त्या शब्दाला चोर हा शब्द चिकटलेला होता, आणि चोर म्हटलं की देवलाची पाचावर धारण बसे, मागचं काही दिसतच नसे.

“मालक,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की साहेब पुढं वाकला. “सालदाराले त मालक देते. मंग हे अर्धं, सालदार मालकाले कायचं देत होता?”

कुणी हसलं नाही. साहेबानं देवलाकडं बघितलं आणि मग दौलतरावाकडं. “तुमचा सालदार तुम्हाला दर साल अर्धा वाटा घालतो?”

“तसं नाही साहेब. ते म्हणजे घरच्याच मालाचं...”

“गेल्या साली पुरा घातला नाही, ही तुमची तक्रार आहे.”

“हो, पण...”

“म्हणजे त्याच्या आधी घालत होता.”

दौलतरावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो ओट्यावरच्या माणसांकडं बघायला लागला आणि ओट्यावरची माणसं जमिनीकडं. देवलाला आनंद झाला नाही. एवढ्या जवळून त्यानं मालकाला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला उलट जास्तच भीती वाटली.

साहेबानं सांगितलं, की पक्का हुकूम मागाहून निघेल. तोवर ज्वारी देवलानं काढायची, अर्धी मालकाला मोजून द्यायची, आणि वावरातून त्याला कुणी उठवायचं नाही.

तांड्यात आले तेव्हा सूर्य कलला होता. बाया गाणं म्हणत पुढं आल्या, भाऊसिंगानं गूळ वाटला. देवलाला तर सगळ्यांनी उचलायचंच बाकी ठेवलं होतं. सेवादासानं बाजेवरूनच सगळं ऐकलं. सांगणारा ‘मी दौलतराव’पाशी आला तेव्हा म्हाताऱ्याची हनुवटी हलली. पण गूळ त्यानं तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

“आता त्याचं मांड,” तो म्हणाला.

“झालं ना बा. संपलं ना.”

“तुयं संपलं. त्याचं काय झालं ते मांड. आज दिवस बुडता त्याच्या मनात काय हाय?”

लोक हसले. म्हाताऱ्याची खोडच ती. देवलालाही जरा धीर आला होता, त्यानं हसतच सुरू केलं. “मी दौलतराव. आज लमान्याच्या पोट्ट्यानं गावासमोर माह्यं पागोटं उडवलं.” पोरं फिदीफिदी हसली. “सायबानं मले खोटा धरला. ज्यायले मी पान खाऊ घालतो, ते मानसं खाली पाहून राह्यले होते. मी घरी आलो. बायकोनं ताट वाढलं, मी जेवलो नाई.” हसणं थांबलं. देवलाचंही थांबलं. पण शब्द येत राहिले, कुणी आतून पुरवत असल्यासारखे. “वावर त्याच्याच हाती राह्यलं. राहू दे. सायेब उद्या सकाळीच जाईन. पर जवारी वाळली हाय, वारा बी सुटला हाय. माह्यं अर्धं गेलं त जाऊ दे, घरात मले काई कमी नाई. त्याच्या घरात दुसरा दाना नाई. आता मले कागद नाई लागत, सायेब नाई लागत. एक काडी लागते.”

 देवलानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांत आधी उठली ती रुपाबाई. तिनं घागर उचलली. मग भाऊसिंग उठला, मग सगळे. काठ्या, घोंगड्या, पाण्याची भांडी, जे हाताला लागलं ते घेऊन तांडा उतरणीनं वावराकडं निघाला. देवला पुढं होता. पळत होता.

अजून उजेड होता. धुऱ्यावर, वाऱ्याच्या अंगाला, दौलतराव उभा होता. एकटा. तोंडात बिडी, न पेटवलेली. त्यानं येणारी माणसं पाहिली, घागरी पाहिल्या.

“काय रे,” तो म्हणाला.

देवलाच्या तोंडाला कोरड पडली. पण तो बाजूला झाला नाही.

“जवारी पाहाले आलतो,” दौलतराव म्हणाला.  मग बिडी खिशात घातली आणि वळून गावाकडं चालायला लागला. पांदीच्या वळणाशी जाईपर्यंत त्याचं पागोटं दिसत होतं.

तांडा रात्रभर वावराभोवती बसला. सकाळी दहिवर ओसरताच सोंगणी धरली, आणि सगळे हात लागल्यावर काय, बघता बघता निम्मं वावर आडवं झालं. देवला आणि रुपाबाई ज्वारीच्या एकाच तासाला, एकाच ओळीला लागले होते.  मग पेंढी बांधता बांधता तिनं विचारलं, “त्याच्या मनातलं तुमाले कसं समजलं?”

देवलानं कणसांची मूठ धरली, विळा ओढला, ताटं खाली ठेवली. पुन्हा मूठ धरली.

“मले त्याच्या मनातलं काई समजलं नाई,” तो म्हणाला. “त्याच्या जागी मी असतो त मी काय केलं असतं, तेवढं सांगतलं.”

रुपाबाईचे हात पेंढीवर थांबले. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि देवला खाली मान घालून ज्वारी कापत पुढं सरकला.